गाडी डब्यातून पाणी फेकते: मॉडिफाय केलेल्या गाड्यांच्या कूलिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिएटरला नळीने जोडलेल्या जास्तीच्या पाण्याच्या डब्यातून पाणी बाहेर आलं की पहिला खर्च बहुतेक वेळा रेडिएटरवर होतो, आणि त्यानंतरही पाणी येतच राहतं. पाणी किती सांडलं यापेक्षा ते कधी सांडलं हे आधी बघा. थंड इंजिन सुरू करताच, उभ्या गाडीत, घाटात, सपाट रस्त्यावर जोरात पळवताना, की गाडी बंद केल्यावर? प्रत्येक वेळेमागचं कारण वेगळं असतं. इंजिन बदललेल्या जुन्या जीपा, टर्बोचं प्रेशर वाढवलेल्या बोलेरो-स्कॉर्पिओ, गॅस किट बसवलेल्या व्हॅन आणि समोर जाड बंपर, लाइट बार लावलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत.

इंजिन गरम झाल्यावर डब्यातली पातळी वाढते. हा बिघाड आहे का?

नाही. पाणी तापलं की फुगतं. ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की साधं पाणी साधारण ३ टक्के वाढतं, कूलंट मिसळलेलं पाणी ४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे १० लिटरच्या सिस्टिममधून ३०० ते ४०० मिली डब्यात येणारच, आणि इंजिन थंड झाल्यावर ते परत रेडिएटरमध्ये जायला हवं. थंड असताना डब्यात खुणेपासून वर निदान ६०० मिली जागा मोकळी लागते. इंजिन बदलताना मोठं इंजिन आणि मोठा रेडिएटर बसतो, पण डबा जुन्या छोट्या गाडीचाच राहतो. अशा गाडीत काहीही बिघाड नसताना पाणी सांडतं.

आमच्या जुन्या जीपला डबाच नाही. रोज सकाळी तोंडापर्यंत भरतो आणि रोज सांडते.

तोंडापर्यंत भरता म्हणूनच सांडते. डबा नसलेल्या रेडिएटरमध्ये वरून तीन-चार सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी लागते. एकदा जास्तीचं पाणी फेकल्यावर पातळी जिथे थांबते, तीच तिची खरी पातळी. दोन दिवस न भरता फक्त बघा. पातळी तिथेच टिकली तर गाडी ठीक आहे. खाली जात राहिली तर पुढचं वाचा.

जमलं तर डबा बसवून घ्या. मात्र त्यासोबत रेडिएटरचं झाकणही बदलावं लागतं. डबा असलेल्या गाडीच्या रेडिएटर झाकणाला वरच्या ओठावर बसणारं दुसरं रबर असतं, जुन्या झाकणाला ते नसतं. ते नसेल तर थंड होताना रेडिएटर डब्यातलं पाणी ओढण्याऐवजी वरून हवा ओढतो.

तपासणी कुठून सुरू करायची?

सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीपासून. गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नका. आत ११० अंशांचं पाणीही दाबाखाली शांत दिसतं आणि झाकण उघडताच त्याची वाफ होऊन चेहऱ्यावर येते.

आधी वरचा होज पाइप दाबून बघा. रात्रभर थंड झालेल्या गाडीचा पाइप मऊ लागला पाहिजे. सकाळीही तो कडक लागत असेल, किंवा झाकण फिरवताच फुस्स आवाज येत असेल, तर आत साठलेली ती पाण्याची वाफ नाही. वाफ रात्रीतून विरून जाते. इंजिनच्या सिलिंडरमधली किंवा एलपीजी-सीएनजी किटमधली गॅस आत शिरतेय असं समजा.

मग दोन पातळ्या बघा, रेडिएटरची आणि डब्याची. डबा वरच्या खुणेच्या वर आणि रेडिएटरही तुडुंब असेल, तर कुणीतरी जास्त भरलंय. डबा भरलेला आणि रेडिएटर रिकामा असेल, तर पाणी जातंय पण परत येत नाही. हे सर्वांत जास्त आढळतं आणि सर्वांत स्वस्तात सुटतं. झाकणाच्या मधली छोटी चकती अडकलेली असते, डब्याच्या नळीला चीर असते किंवा नळीचं टोक डब्यातल्या पाण्यात बुडलेलं नसतं. दोन्ही पातळ्या खाली असतील तर गळती शोधायची, आधी बाहेर, मग आत.

झाकण खराब आहे हे कसं ओळखायचं? कितीचं लावायचं?

झाकणावर आकडा छापलेला असतो, ०.९ किंवा १.१ बार, म्हणजे साधारण १३ किंवा १६ पीएसआय. समुद्रसपाटीला उघड्यावर १०० अंशांना उकळणारं पाणी ०.९ बारच्या झाकणाखाली जवळपास ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. चिखलदऱ्याच्या उंचीवर, सुमारे ११०० मीटरवर, उघडं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून सपाटीवर कसंबसं निभावणारं ढिलं झाकण परतवाड्याहून वर चढताना उघडं पडतं.

रबर कडक झालंय का, त्यावर गोल खाच पडलीय का, स्प्रिंग गंजलीय का, आणि मधली चकती नखाने ओढल्यावर सुटून परत बसते का, एवढं हातानेच तपासता येतं. पक्की खात्री प्रेशर टेस्टरवरच होते.

मॉडिफाय गाडीत आणखी एक घोळ असतो. रेडिएटर एका गाडीचा, झाकण दुसऱ्या गाडीचं. तोंडाच्या ओठापासून आतल्या बैठकीपर्यंतची खोली सगळ्यांची सारखी नसते. कमी लांबीचं झाकण खोल तोंडावर लावलं की ते घट्ट फिरतं, पण आतलं रबर बैठकीला टेकतच नाही. पाणी तापल्याबरोबर निघू लागतं आणि शंका हेड गॅसकेटवर, म्हणजे इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्या मधल्या पॅकिंगवर, जाते. व्हर्नियरने दोन्ही मापं घेऊन बघा.

जास्त बारचं झाकण लावून सांडणं थांबवू नका. जुन्या होज, हीटरचा कोर आणि रेडिएटरच्या प्लास्टिक टाक्या तो दाब सोसत नाहीत. दाबाची टाकी असलेल्या नव्या इंजिनला जुना रेडिएटर जोडला असेल तर रेडिएटरवर आणि टाकीवर अशी दोन झाकणं येतात. त्यातलं कमी बारचं झाकण आधी उघडणार. रेडिएटरवर न उघडणारं साधं झाकण लावा आणि दाबाचं एकच, टाकीवर ठेवा.

थंड इंजिन सुरू करताच डब्यात बुडबुडे येतात. हेड गॅसकेट गेलं का?

पाणी भरल्यानंतरची पहिली काही मिनिटं अडकलेली हवा निघते, ती सोडून द्या. त्यानंतरही, इंजिन थंड असताना सुरू करून एका मिनिटाच्या आत वरचा पाइप कडक होत असेल तर शंका रास्त आहे. एवढ्यात पाणी तापून दाब तयार होऊच शकत नाही.

घरी करता येणारी चाचणी अशी. डब्याची नळी काढून पारदर्शक नळी लावा, तिचं टोक पाण्याने अर्ध्या भरलेल्या बाटलीत बुडवा आणि झाकण घट्ट लावा. इंजिन दोन हजार आरपीएमवर धरा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे येऊन थांबले तर हवा होती. एकसारखे येतच राहिले आणि रेस दिल्यावर वाढले तर गॅस आहे.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेलमध्ये पुढे जाता येतं. एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट थोडा सैल करून तो सिलिंडर बंद करा. ज्या सिलिंडरला बुडबुडे कमी होतात, गडबड तिथे आहे. कॉमन रेल इंजिनवर (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामाईक पाइपातून जास्त दाबाचं डिझेल मिळतं ते नवं डिझेल इंजिन) हे चुकूनही करू नका. तिथे डिझेलचा दाब हजार बारच्या वर जातो आणि ती धार कातडीत घुसते.

निळ्या द्रवाची गॅस टेस्ट मिळते. गॅस असेल तर द्रव पिवळा पडतो. पेट्रोल गाडीत निकाल लगेच मिळतो. डिझेल इंजिनच्या धुरात आयडलिंगला कार्बन डायऑक्साइड कमी असतो, म्हणून रेस वाढवून जास्त वेळ धरावं लागतं. द्रव निळाच राहिला म्हणून डिझेल इंजिन ठीकच आहे असं धरू नका.

टर्बोचं प्रेशर वाढवलेल्या गाडीत गॅसकेट आयडलिंगला पूर्ण बंद असतं आणि फक्त ओझं ओढताना हेड केसभर उचललं जातं. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत काहीच दिसत नाही. अशा गाडीला टेस्टरचं घड्याळ लावून चढावर चालवून बघावं लागतं. पाण्याचं तापमान ठीक असताना दाब झाकणाच्या आकड्याला जाऊन भिडला तर तेच कारण.

हेड उघडण्याआधी दोन गोष्टी बाजूला काढा. ईजीआर कूलर (इंजिनमध्ये परत सोडायचा धूर पाण्याने थंड करणारा भाग) असेल तर तो फुटल्यावरही धुराची गॅस पाण्यात जाते. त्याच्या पाण्याच्या दोन्ही नळ्या काढून थेट जोडा आणि चाचणी पुन्हा करा. ही जोडणी फक्त चाचणीपुरती. दुसरी गोष्ट गॅस किट, ते पुढच्या प्रश्नात.

हेड काढलंच तर नुसतं गॅसकेट बदलून बसवू नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने हेड आणि ब्लॉक दोन्ही तपासा. बऱ्याच इंजिनांची मर्यादा ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते, तुमच्या इंजिनची मॅन्युअलमध्ये बघा. डिझेलच्या गॅसकेटवर जाडीसाठी खाचा किंवा भोकं असतात, ती जुन्यावर मोजून तसंच घ्या. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टॉर्क पान्यानेच.

एलपीजी किंवा सीएनजी किट बसवल्यापासून पाणी फेकते. संबंध आहे का?

असू शकतो, आणि हे कारण फार कमी जण तपासतात. गॅसचा दाब कमी करणारा रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यात इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं. रिड्यूसरचा आतला पडदा किंवा पॅकिंग फाटलं की गॅस थेट कूलंटमध्ये शिरते. लक्षणं हुबेहूब हेड गॅसकेटची. गाडी अर्धा दिवस फक्त पेट्रोलवर चालवा, गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह हाताने बंद ठेवून. बुडबुडे बंद झाले तर रिड्यूसर. कूलंटला गॅसचा वास येत असेल तर गाडी किटवाल्याकडे पोचेपर्यंत गॅसवर चालवायचीच नाही.

किट लावताना हीटरच्या लाइनला टी मारलेली असते, तिथे हवा अडकण्याचाही संभव असतो. रिड्यूसर रेडिएटरच्या पाण्याच्या पातळीच्या खाली बसवलेला हवा.

तापमानाचा काटा मधोमध असतो, पण सपाट रस्त्यावर जोरात पळवली की सांडते.

आडव्या नळ्यांच्या रेडिएटरमध्ये गरम पाणी एका बाजूच्या टाकीत येतं आणि दुसऱ्या बाजूने पंप ते ओढतो. झाकण ओढणाऱ्या बाजूला असायला हवं. दुसऱ्या गाडीचा रेडिएटर बसवताना नळ्या उलट जोडल्या की झाकण पंपाच्या दाबाच्या बाजूला येतं. आयडलिंगला सगळं ठीक, साडेतीन-चार हजार आरपीएमला पंपाचा दाब झाकण उचलतो आणि पाणी बाहेर. रेडिएटर बदलायची गरज नाही, नळ्यांची जोडणी तपासा.

दुसरं कारण खालचा होज पाइप. तो ओढण्याच्या बाजूला असतो. आत स्प्रिंग नसेल आणि पाइप मऊ पडला असेल तर जोरात रेस दिल्यावर तो चपटा होतो. एकाला रेस द्यायला लावा आणि पंख्यापासून हात, शर्टाची बाही, गमछा दूर ठेवून बघा.

उभ्या गाडीत किंवा बाजारात तापून सांडते, चालू लागली की थंड होते.

हवा कमी पडतेय. इंजिनवरचा पंखा काढून इलेक्ट्रिक लावला असेल तर आधी दिशा बघा. एक वर्तमानपत्राचं पान रेडिएटरच्या समोर धरा. पंखा चालू झाल्यावर ते जाळीला चिकटलं पाहिजे. उडून गेलं तर वायर उलट्या जोडल्यात किंवा पात्यांचं तोंड उलटं आहे. रेडिएटरच्या मागे बसवायचा आणि समोर बसवायचा पंखा वेगळा असतो, नुसत्या वायर बदलून पाती सुलट होत नाहीत.

मग व्होल्टेज. इंजिन चालू, पंखा चालू, मीटर थेट मोटरच्या दोन टोकांना. बॅटरीवर दिसतं त्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसलं तर अर्थिंग खराब किंवा वायर बारीक. रिले आणि फ्यूज हवाच, स्विचमधून थेट पंखा चालवू नका. पंख्याभोवतीचं कव्हर काढून टाकलं असेल तर पंखा स्वतःच्या घेराएवढ्याच जाळीतून हवा ओढतो, उरलेला रेडिएटर आयडलिंगला नुसता उभा असतो. इंजिनवरच्या पंख्याला पाती कव्हरच्या अर्धी आत, अर्धी बाहेर अशी ठेवा.

घाटात किंवा ओझं घेऊन तापते, एरवी नाही. तेही फक्त मार्च ते जूनमध्ये.

रेडिएटर किती उष्णता फेकतो हे पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. जानेवारीच्या दुपारी २५ अंशांना ९५ अंशांच्या पाण्यासाठी फरक ७० चा. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे ४५ अंश असताना फक्त ५०. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाली. रस्ता डांबराचा असेल तर जमिनीलगतची हवा त्याहून गरम. हिवाळ्यात इंजिन बदलून घेतलेली गाडी मे महिन्यात कशी वागेल हे तेव्हा कळतच नाही.

आधी जाळी धुवा. कापूस वाहणाऱ्या गाड्यांच्या रेडिएटरवर रुईची तलम गादी बसते, सोयाबीनच्या हंगामात मळणीयंत्राचा भुसा. ही घाण बाहेरून दिसत नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या बोटभर फटीत ती साठते. वरचे बोल्ट काढून कंडेन्सर थोडा पुढे झुकवा, टॉर्च लावा, आणि साध्या नळीने इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने पाणी मारा. वॉशिंग सेंटरची जोराची धार जवळून मारली की पट्ट्या मुडपतात आणि होता तेवढाही वारा बंद होतो.

लाइट बार, जाड बंपर, मोठी नंबर प्लेट, कीटकांसाठी लावलेली बारीक जाळी एक दिवस काढून त्याच चढावर गाडी चालवून बघा. फरक पडला तर रेडिएटरचा दोष नव्हता.

मग लेझरवाला थर्मामीटर घ्या. चकाकत्या अॅल्युमिनियमवर तो चुकीचा आकडा देतो, म्हणून मोजायच्या जागी काळी टेप चिकटवा. जाळीवर एका ओळीत मोजत जा. मध्येच थंड पट्टे लागले तर तिथल्या नळ्या आतून बंद आहेत. रेडिएटर खोलून रॉड मारून (नळ्यांतून सळई फिरवून साफ करून) घ्यावा लागेल, तो पितळ-तांब्याचा असेल तरच. प्लास्टिक टाकीच्या अॅल्युमिनियम रेडिएटरचा कोर बदलणंच बरं.

फॅनचा पट्टाही बघा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटरच दबला पाहिजे.

गाडी बंद केल्यावर डब्यात खळखळ होते आणि मग सांडते.

पंप थांबला, पण हेडचं लोखंड तापलेलं आहे. तिथलं पाणी फिरायचं थांबून जागीच उकळतं, आणि वाफ झालेलं एक मिली पाणी उघड्यावर दीड लिटरहून जास्त जागा मागतं. घाट चढून आल्यावर, विशेषतः टर्बो गाडी, दोन-तीन मिनिटं आयडलिंगला ठेवून मग बंद करा. तरीही खळखळ झाली तर झाकण दाब धरत नाही किंवा पाण्यात कूलंट फार कमी आहे.

पाणी भरताना हवा अडकते म्हणतात. ती कशी काढायची?

इंजिन बदललेल्या जीपमध्ये रेडिएटरचं तोंड अनेकदा इंजिनच्या थर्मोस्टॅटपेक्षा खाली येतं. मग कितीही भरलं तरी हेडमध्ये हवा राहते. ती तापून फुगते, पाणी ढकलून देते आणि डबा भरतो. समोरची चाकं चढावर अशी चढवा की रेडिएटरचं तोंड सर्वांत उंच येईल. चाकांना मागून दगड लावा. हीटरचा कंट्रोल गरमवर ठेवा. थर्मोस्टॅटच्या घरावर हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा. हळूहळू भरा, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करा, वरचा पाइप गरम होईपर्यंत आणि बुडबुडे थांबेपर्यंत टाकत राहा, मग झाकण लावा. किती लिटर बसलं ते मोजा. मॅन्युअलपेक्षा लिटरभर कमी बसलं तर हवा अजून आत आहे.

तोंड कायमच खाली राहणार असेल तर वरच्या पाइपमध्ये सर्वांत उंच जागी भरायचं तोंड असलेला जोड बसवून घ्या. झाकण तिथे, आणि रेडिएटरवर न उघडणारं.

मिस्त्रीने थर्मोस्टॅट वॉल काढून टाकला, "आपल्या उन्हात लागत नाही" म्हणाला.

परत बसवा. अनेक इंजिनांत हा वॉल दोन कामं करतो. गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो आणि बरंच गरम पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनमध्ये फिरतं. हिवाळ्यात इंजिन थंड राहून डिझेल जास्त पितं, उन्हाळ्यात तापतं. बसवण्याआधी वॉल भांड्यातल्या पाण्यात लटकवून गरम करा. अंगावर छापलेल्या आकड्याला, बहुधा ८२ किंवा ८८, उघडायला लागला पाहिजे. बारीक भोक किंवा लोलक असेल तर ती बाजू वर, म्हणजे हवा निघते.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी चालेल का?

नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाण पट्ट्यात तर अजिबात नाही. पूर्णा खोऱ्यातलं ते खारं पाणी अॅल्युमिनियमचं हेड आणि वॉटर बॉडीची (पाण्याच्या पंपाची) पाती खातं. बाकी भागातलं जड पाणी आत पांढरा थर धरतं. डिस्टिल्ड वॉटर वापरा. ते नसेल तर घरच्या आरओचं शुद्ध पाणी, किंवा पावसाळ्यात स्वच्छ भांड्यात धरलेलं पाणी. आरओमधून वाया जाणारं पाणी मात्र कधीही नको, त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, म्हणून एक भाग कूलंट आणि दोन भाग पाणी हे प्रमाण बऱ्याच जुन्या इंजिनांना पुरतं. त्याहून पातळ केलं तर गंज थांबवणारी द्रव्यं कमी पडतात. नव्या इंजिनला कंपनी सांगेल तेच प्रमाण. तयार मिक्स कूलंटमध्ये पाणी घालू नका. हिरव्यात लाल-नारिंगी मिसळू नका, काही जोड्या मिसळल्या की गाळ धरतात. रंग एक असला तरी जात एक असेलच असं नाही, डब्यावरचं वाचा.

मेळघाटात किंवा गडचिरोलीच्या आडरस्त्यावर काटा लाल झाला. काय करायचं?

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे. सावली बघून थांबा. पाणी उकळलेलं नसेल तर इंजिन थोडं जास्त आयडलिंगला चालू ठेवा, काटा उतरत नसेल किंवा वाफ येत असेल तर लगेच बंद करा. निदान अर्धा-पाऊण तास झाकणाला हात नको. वरचा पाइप हाताला मऊ आणि कोमट लागला की जाड कापड ठेवून झाकण पहिल्यांदा अडेपर्यंत फिरवा, हवा जाऊ द्या, मग काढा. तापलेल्या हेडमध्ये एकदम थंड पाणी ओतलं की हेड तडकतं. इंजिन चालू ठेवून थोडं थोडं टाका. अशा वेळी जवळ असेल ते पाणी चालेल, पण घरी पोचल्यावर ते सगळं काढून सिस्टिम धुवा.

काढलेलं जुनं कूलंट कुठे टाकायचं?

नालीत, शेतात, गोठ्याजवळ नाही. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री आणि गुरं ते चाटतात आणि त्याने मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. माणसालाही ते विषारी आहे. काढताना खाली पसरट घमेलं ठेवा, झाकण असलेल्या कॅनमध्ये भरा, त्यावर "विष, कूलंट" लिहा. रिकाम्या पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका, लहान मूल पिऊ शकतं. कॅन जुनं ऑइल उचलणाऱ्या गॅरेजला विचारून वेगळाच द्या, ऑइलमध्ये मिसळू नका. सांडलं असेल तर त्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून गोळा करा आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. जनावरांना तोवर तिकडे सोडू नका. एखाद्या जनावराने चाटलं असं वाटलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या आणि कूलंटचा डबा सोबत घ्या.